रिचर्ड राइटच्या हायकूंचे दप्तर

रिचर्ड राइट हे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला बहुधा एकाच वाटेने भेटते. दलित साहित्याची चर्चा सुरू झाली, की अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी त्याची तुलना येते. तुलना आली, की ‘नेटिव्ह सन’ आणि ‘ब्लॅक बॉय’ ही दोन पुस्तके येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ ‘विद्रोह’ हा शब्द येतो. शिकागोच्या झोपडपट्टीतला बिगर टॉमस, मिसिसिपीतल्या बालपणाची भूक, गोऱ्यांची दहशत, हे सांगून झाले, की राइटचे प्रकरण तिथे मिटते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि चर्चासत्रातल्या निबंधात त्याच्या वाट्याला आलेली जागा एवढीच आहे.

याच राइटने आयुष्याच्या अखेरच्या सुमारे अठरा महिन्यांत चार हजार हायकू लिहिले. त्यांतून त्याने स्वतः ८१७ निवडले, त्यांना क्रमांक दिले, टंकलिखित प्रत तयार केली आणि ती प्रकाशकाकडे पाठवली. तो २८ नोव्हेंबर १९६० रोजी पॅरिसमध्ये वारला आणि हा संग्रह छापला गेला १९९८ साली. मधली अडतीस वर्षे राइटवर ग्रंथ लिहिले गेले, त्याची चरित्रे झाली, त्याच्या नावाने वाद झाले. पण सामान्य वाचकापुढे तो कवी म्हणून आलाच नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा कवी आणि त्याच्या नोंदीची ही कहाणी आहे. लेखकाचे दप्तर किती उघडले गेले आहे, यावर त्याच्याविषयीचे आपले मत किती अवलंबून असते, हे राइटच्या बाबतीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल.

राइटचा जन्म ४ सप्टेंबर १९०८ रोजी मिसिसिपी राज्यातील नॅचेझ गावाजवळच्या एका मळ्यावर झाला. आजीआजोबा गुलामीत जन्मलेले. वडील अर्धेलीने जमीन कसणारे, आई एला शाळेत शिकवणारी. वडील घर सोडून गेले. पुढे आईला पक्षाघाताचा झटका आला आणि तिचे अपंगपण मुलाच्या आयुष्यावर कायमचे पसरून राहिले. नातेवाइकांच्या घरोघरी वाढणे, अर्धवट शाळा आणि सततची भूक, हे ‘ब्लॅक बॉय’मुळे सर्वपरिचित आहे. मेम्फिसमधला ग्रंथालयाचा प्रसंगही अनेकांना आठवत असेल. कृष्णवर्णीयांना तिथून पुस्तके घरी नेता येत नसत. तेव्हा राइटने एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड मिळवले आणि आपण त्या गोऱ्या माणसाचे निरोपे आहोत असे भासवणारी चिठ्ठी स्वतःच लिहून पुस्तके बाहेर काढली. त्या चिठ्ठीत त्याला स्वतःचा उल्लेख गोरा माणूस करील तशाच तुच्छतेने करावा लागला. वाचण्याचा हक्क मिळवण्यासाठी या मुलाने लिहिलेली ही एक बनावट ओळख होती.

१९२७ साली तो शिकागोला आला. टपालखात्यात नोकरी, कम्युनिस्ट पक्षाशी जवळीक, पुढे दुरावा. १९३८ मध्ये ‘अंकल टॉम्स चिल्ड्रेन’ हा कथासंग्रह. आणि १९४० मध्ये ‘नेटिव्ह सन’. पहिल्या तीन आठवड्यांत या कादंबरीच्या दोन लाख पंधरा हजार प्रती खपल्या. १९४५ मध्ये ‘ब्लॅक बॉय’ आले. १९४७ मध्ये राइट सहकुटुंब पॅरिसला स्थायिक झाला आणि फ्रान्सचा नागरिक झाला. त्यानंतरचा राइट हा प्रवासी विचारवंत आहे. तो आफ्रिकेतील गोल्ड कोस्टला गेला, १९५५च्या बांडुंग परिषदेला गेला आणि त्यावर ‘द कलर कर्टन’ हे पुस्तक लिहिले, स्पेनवर लिहिले. अमेरिकेची फेडरल पोलीस यंत्रणा त्याच्यावर नजर ठेवून होती. इकडे साहित्याच्या वर्तुळातही त्याच्यावर टीका होत होती. ज्याला त्याने हात दिला होता त्या जेम्स बाल्डविनने १९४९ मध्येच निषेधाच्या कादंबरीवर कठोर निबंध लिहून ‘नेटिव्ह सन’लाही त्यात ओढले होते. १९५८ची ‘द लाँग ड्रीम’ ही कादंबरी अमेरिकेत थंडपणे स्वीकारली गेली. मायदेशापासून इतकी वर्षे दूर राहिलेल्या लेखकाला आता तिथले काय कळते, असा तेव्हाच्या टीकेचा सूर होता.

१९५९ हे वर्ष त्याच्यासाठी वाईट उगवले. जानेवारीत आई गेली. सप्टेंबरात जवळचा मित्र आणि आफ्रिकी स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता जॉर्ज पॅडमोर गेला. राइटला इंग्लंडमध्ये स्थायिक व्हायचे होते. पत्नी एलेन आणि मुली लंडनला गेल्या, पण ब्रिटिश सरकारने त्याला वास्तव्याची परवानगी नाकारली. तो पॅरिसमधल्या र्यू रेजीवरच्या लहानशा सदनिकेत एकटा राहू लागला. त्यातच अमीबाजन्य आमांशाने त्याला गाठले. हा आजार साधा नव्हता. महिनोन्महिने उपचार चालले, ताकद गेली, कादंबरीसारखे दीर्घ काम हातून होईना.

या काळात त्याच्या हाती हायकू आला. एका तरुण दक्षिण आफ्रिकी कवीने त्याला या काव्यप्रकाराची ओळख करून दिली आणि आर. एच. ब्लाइथने इंग्रजीत सिद्ध केलेले हायकूचे चार खंड राइटने वाचले. १९४९ ते १९५२ या काळात प्रसिद्ध झालेले हे खंड म्हणजे इंग्रजी वाचकासाठी जपानी हायकूचे महाद्वार होते. पहिल्या खंडात त्यामागील पौर्वात्य विचाराची, विशेषतः झेनची मांडणी, आणि पुढच्या खंडांत ऋतुक्रमाने लावलेल्या मूळ रचना, अनुवाद व टिपणे, अशी त्यांची रचना आहे. राइटने ते विद्यार्थ्याच्या निष्ठेने अभ्यासले. त्या वेळी इंग्रजीत हायकूला समाजच नव्हता. एझरा पाउंडने १९१३ मध्ये केलेला दोन ओळींचा प्रयोग आणि १९५८ मध्ये आलेले हॅरल्ड हेंडरसनचे प्रास्ताविक पुस्तक एवढी सामग्री होती. इंग्रजी हायकूला वाहिलेले ‘अमेरिकन हायकू’ हे नियतकालिक १९६३ मध्ये निघाले आणि हायकू सोसायटी ऑफ अमेरिका १९६८ मध्ये स्थापन झाली. म्हणजे राइटने चार हजार हायकू लिहिले तेव्हा ते छापणारे, वाचणारे, चूक दाखवणारे असे कोणी आसपास नव्हते. त्याने हा सारा रियाज एकट्याने केला.

या अठरा महिन्यांविषयी आपल्याला जे कळते ते तीन प्रकारच्या साधनांतून. साहित्येतिहासाच्या विद्यार्थ्याने हे तिन्ही प्रकार वेगवेगळे ओळखले पाहिजेत, कारण प्रत्येकाचा आवाज निराळा आहे.

पहिले साधन पत्रे. राइटच्या पुस्तकांची डच अनुवादिका आणि त्याची विश्वासू स्नेही मार्ग्रिट द साब्लोनिएर हिला तो मोकळेपणाने लिहीत असे. १९६०च्या वसंतात त्याने तिला कळवले, की आजारपणात आपण हायकू लिहीत होतो, त्यांची संख्या चार हजारांवर गेली आहे आणि त्यांत काही दम आहे का, हे पाहण्यासाठी आता आपण ते चाळून काढत आहोत. या पत्रात आत्मविश्वास नाही. जगभर नाव झालेला, दोन दशके लेखनावर जगलेला माणूस इथे नवशिक्यासारखा संकोचाने बोलतो. चार हजारांचा आकडा त्याच्याच हातचा असल्यामुळे पुढच्या सर्व चरित्रकारांनी तो विश्वासाने वापरला आहे.

दुसरे साधन प्रत्यक्ष हस्तलिखित. त्याचे शीर्षक ‘धिस अदर वर्ल्ड : प्रोजेक्शन्स इन द हायकू मॅनर’. या शीर्षकातला प्रत्येक शब्द तोलून वापरलेला दिसतो. ‘हे दुसरे जग’ हे नाव देऊन राइट वाचकाला सांगतो, की ज्या जगात तुम्ही मला पाहत आलात त्याहून हे वेगळे आहे. उपशीर्षकात तो आपल्या रचनांना थेट हायकू म्हणत नाही. हायकूच्या रीतीने बाहेर टाकलेली मनाची चित्रे, असे काहीसे म्हणतो. जपानी परंपरेवर आपण हक्क सांगत नाही, तिची रीत तेवढी उसनी घेत आहोत, हा त्यातला नम्र खुलासा आहे. रचना सलग क्रमांकांनी लावलेल्या आहेत. ब्लाइथप्रमाणे ऋतूंचे विभाग पाडलेले नाहीत. तरीही बहुतेक रचनांत ऋतूचा वा निसर्गाचा निर्देश आहे. चार हजारांतून ८१७ वेचणे म्हणजे पाचांतले चार बाजूला ठेवणे. विरंगुळ्यासाठी खरडणारा माणूस असे करत नाही. ज्या टीकाकारांना हे हायकू आजाऱ्याचा छंद वाटले, त्यांना या निवडीचे स्पष्टीकरण देता येणार नाही.

तिसरे साधन म्हणजे मोठी मुलगी ज्यूलिया हिच्या आठवणी. १९६० मध्ये ती शिक्षणासाठी पॅरिसला परतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १९९८च्या पुस्तकाला तिने लिहिलेली प्रस्तावना ही या विषयातली सर्वांत जिवंत नोंद आहे. वडिलांच्या काखेत हायकूंची वही कायम असे. अंथरुणात, कॅफेत, उपाहारगृहात कागदी हातरुमालावर ते बोटांनी अक्षरे मोजत लिहीत. नॉर्मंडीतल्या मुलँ द’अँदे या लेखकांच्या विसाव्याच्या जागीही त्यांचे हे काम चाले. लिहिलेले कागद ते घरात धातूच्या लांब सळ्यांना अडकवून ठेवत, असे ती सांगते. हे हायकू म्हणजे वडिलांनी आपल्या आजारावर स्वतःच शोधलेला उतारा होता, आणि ओळीतल्या अक्षरांचे तुकडे त्यांच्या अपुऱ्या श्वासाशी जुळत होते, अशा आशयाचे तिचे निरीक्षण आहे. आईच्या मृत्यूच्या दुःखाशी तडजोड करायला, ज्या मातीत ती विसावली त्या दक्षिणेच्या मातीकडे पुन्हा पाहायला या रचनांनी त्यांना बळ दिले, असेही ती सुचवते.

अर्थात मुलीची आठवण ही मुलीचीच आठवण असते, आणि तीही अडतीस वर्षांनंतर लिहिलेली. तिला पत्राच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे. पत्रातला राइट आपल्या रचना चाळून पारखतो. मुलीच्या आठवणीतला राइट त्यांच्या आधाराने जगतो. या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही. जगण्यासाठी लिहिलेल्या मजकुरातूनही कवी पुढे कठोरपणे निवड करू शकतो, आणि इथे त्याने ती केली, हे हस्तलिखित सांगते.

निवडलेला संग्रह राइटने अमेरिकेतील प्रकाशकाकडे पाठवला. तो स्वीकारला गेला नाही. त्यामागचा व्यवहार समजण्यासारखा आहे. ‘नेटिव्ह सन’च्या लेखकाकडून बाजाराला हवे होते ते दुसरे ‘नेटिव्ह सन’. त्याच्याकडून गोगलगाय, पाऊस आणि बुजगावणे यांच्यावरच्या तीन ओळी कोण विकत घेणार? त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस राइट रुग्णालयात हृदयविकाराने गेला. वय बावन्न. ‘ब्लॅक बॉय’ची एक प्रत त्याच्या देहाबरोबर अग्नीला दिली गेली आणि रक्षा पेर लाशेझ दफनभूमीत ठेवली गेली. हायकूंचे दप्तर एलेनकडे राहिले.

हस्तलिखिताची ही उपेक्षा राइटच्या बाबतीत अपवादात्मक नव्हती. त्याची बहुतेक महत्त्वाची पुस्तके वाचकांपुढे कापलेल्या रूपातच आली. ‘नेटिव्ह सन’मधला काही मजकूर १९४० मध्ये बुक ऑफ द मंथ क्लबच्या आग्रहावरून बदलला गेला. ‘ब्लॅक बॉय’चे मूळ हस्तलिखित ‘अमेरिकन हंगर’ या नावाचे आणि दोन भागांचे होते: पहिला भाग दक्षिणेतला, दुसरा शिकागोतला. त्याच क्लबला फक्त पहिला भाग हवा होता, म्हणून १९४५ मध्ये तेवढाच छापला गेला. त्यामुळे पुस्तकाचा शेवट उत्तरेकडे निघालेल्या तरुणाच्या आशेवर झाला. उत्तरेत त्या आशेचे काय झाले, हे सांगणारा भाग पुस्तकरूपाने यायला १९७७ उजाडावे लागले. दोन्ही ग्रंथांचे मूळ पाठ लायब्ररी ऑफ अमेरिकाने १९९१ मध्ये सिद्ध केले. अखेरच्या काळातली अपुरी कादंबरी ‘अ फादर्स लॉ’ २००८ मध्ये आली, आणि १९४०च्या दशकाच्या आरंभी लिहिलेली ‘द मॅन हू लिव्ह्ड अंडरग्राउंड’ ही कादंबरी पूर्ण रूपात २०२१ मध्ये. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचे लेखन असे हप्त्याहप्त्याने बाहेर येत राहिले.

हायकूंचा प्रवास या मालिकेतच पाहावा लागतो. काही मोजक्या रचना इकडेतिकडे छापल्या गेल्या. फ्रेंच अभ्यासक मिशेल फाब्र याने १९७३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या विस्तृत चरित्रात या अखेरच्या काव्यपर्वाची दखल घेतली, आणि १९७८ मध्ये एलेन व फाब्र यांनी संपादित केलेल्या ‘रिचर्ड राइट रीडर’मध्ये थोडे हायकू आले. १९७६ मध्ये राइटची कागदपत्रे येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयाने घेतली, आणि हस्तलिखित संशोधकांना खुले झाले. तरी संग्रह म्हणून ते वाचकांपर्यंत पोचायला आणखी बावीस वर्षे लागली. योशिनोबू हाकुतानी आणि रॉबर्ट टेनर या दोघा संपादकांनी १९९८ मध्ये ‘हायकू : धिस अदर वर्ल्ड’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी राइटने निवडलेले ८१७ हायकू त्याच्याच क्रमाने छापले, टिपा दिल्या, आणि जपानी परंपरेशी त्यांचे नाते सांगणारा दीर्घ लेख जोडला. राइटने बाजूला ठेवलेल्या तीन हजारांहून अधिक रचनांतून भर घालून पुस्तक फुगवण्याचा मोह त्यांनी टाळला. मृत कवीच्या निवडीचा मान राखणे हे संपादनाचे पहिले व्रत आहे, आणि इथे ते पाळले गेले.

आता प्रत्यक्ष रचनांकडे वळू. त्यांत दोन भूगोल एकमेकांत मिसळले आहेत. एकीकडे फ्रान्समधला पाऊस, बर्फ, मांजरे, आजाऱ्याची खोली. दुसरीकडे चाळीस वर्षांपूर्वीची मिसिसिपी: मॅग्नोलियाची झाडे, कापसाची शेते, मालगाडीची लांबवरची शीळ, बुजगावणी, कावळे. पॅरिसमध्ये पडल्या पडल्या हा माणूस दक्षिणेत परत जात होता. संग्रहाच्या आरंभीच मावळत्या सूर्यापुढे माणसाचे नावही उरत नाही, असा अनुभव येतो. ज्याने आयुष्यभर ‘आम्हाला नाव द्या, माणूस म्हणून ओळखा’ असा टाहो फोडला, तोच इथे अनामिक व्हायला राजी होतो. पण या दोन अनामिकपणांत अंतर आहे. पहिला दुसऱ्याने लादलेला होता; हा दुसरा स्वतः पत्करलेला आहे. मेम्फिसच्या ग्रंथालयात खोटी चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाला स्वतःचे नाव पुसावे लागले होते. निसर्गापुढे ते आपण होऊन खाली ठेवण्याची मोकळीक पन्नाशीतल्या राइटने मिळवली.

निसर्ग हा राइटच्या लेखनात अचानक आलेला नाही. ‘ब्लॅक बॉय’च्या पहिल्याच प्रकरणात मधूनच कथन थांबते आणि लहान मुलाच्या डोळ्यांना, कानांना, त्वचेला जाणवलेल्या गोष्टींची यादी सुरू होते: प्राणी, भाज्यांच्या रांगा, पहाटेचे दव, नदी. एकेका वाक्यात एकेक संवेदना. अभ्यासकांनी या उताऱ्यांत पुढच्या हायकूंची बीजे पाहिली आहेत, आणि ते पटण्याजोगे आहे. मात्र याच लेखकाने १९३५ मध्ये ‘बिटवीन द वर्ल्ड अँड मी’ ही कविताही लिहिली होती. तिच्यात सकाळी रानातून चालणाऱ्या माणसाला झुंडीने एका कृष्णवर्णीयाला जिवंत जाळल्याची जागा सापडते. झाडे, गवत, राख आणि हाडे त्याच्याभोवती गोळा होतात आणि तो स्वतःच त्या बळीच्या जागी उभा राहतो. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय माणसासाठी झाड हे फांसाचे ठिकाण होते, रान हे पाठलागाचे, आणि कापसाचे शेत हे फुकट राबण्याचे. जपानी कवीला पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ऋतूंची शब्दसूची वारशात मिळते. राइटच्या वारशात आलेल्या प्रत्येक फुलाला रक्ताचा वास होता.

म्हणून या हायकूंना पळवाट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्या जमिनीवर आपले पूर्वज गुलाम म्हणून राबले आणि बाप अर्धेलीने राबला, त्या जमिनीवरचे मॅग्नोलियाचे झाड केवळ झाड म्हणून पाहता येणे, ही त्या माणसाच्या दृष्टीने मोठी मिळकत आहे. जमीनदाराच्या हवेलीपुढचे झाड त्याने नजरेने परत मिळवले. अनेक रचनांत हे झाड पूर्णपणे निष्पाप होत नाही. दारिद्र्य, एकाकीपण, गोठलेली खोली, उंदीर, दवाखाना त्यांत येतातच. पण त्यांना ‘निषेध’ म्हणून मोठ्याने बोलावे लागत नाही. ते पावसासारखे, बर्फासारखे तिथे आहेत.

राइटचा विद्रोह मावळला, असाही निष्कर्ष कोणी काढेल. त्याला कागदपत्रेच उत्तर देतात. ८ नोव्हेंबर १९६० रोजी, म्हणजे मृत्यूच्या अवघे वीस दिवस आधी, राइटने पॅरिसमधल्या अमेरिकन चर्चमध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंत आणि बुद्धिमंतांच्या स्थितीवर व्याख्यान दिले, आणि आपल्यासारख्यांवर चालणाऱ्या हेरगिरीवर व दडपणावर त्यात कठोर टीका केली. हायकूंची निवड करणारा आणि हे व्याख्यान देणारा माणूस एकच होता, आणि वर्षही एकच होते. ‘आधी विद्रोह, मग शांती’ अशी चरित्राची सोपी चढण त्याला लागू पडत नाही.

रचनेच्या अंगाने राइट काटेकोर आहे. पाच, सात, पाच ही सतरा अक्षरांची मोजणी त्याने बहुतेक सर्वत्र पाळली. इथे मराठी वाचकाला एक गोष्ट चटकन उमगेल. जपानी कवी जे मोजतो ते आपल्या मात्रेच्या जवळचे आहे: दीर्घ स्वर दोनदा मोजला जातो, अनुनासिकाचाही स्वतंत्र हिशेब होतो. इंग्रजीत त्याऐवजी उच्चाराचा पूर्ण अवयव मोजतात, जो आपल्या अक्षराच्या जवळचा, पण व्यंजनांनी लादलेला असतो. मात्रागणाच्या वृत्ताचे अक्षरगणात रूपांतर करताना जे होते तेच इथे झाले. इंग्रजीतल्या सतरा अक्षरांत जपानी सतरा मात्रांहून बरेच अधिक सामान मावते, आणि ओळ कधी कधी गरजेपेक्षा भरते. म्हणूनच पुढच्या पिढीतल्या अनेक इंग्रजी हायकूकारांनी मोजणी सोडून ओळी आखूड केल्या. त्यांच्या चष्म्यातून पाहिले तर राइटच्या काही रचना सैल वाटतात, आणि उपमेचा सोसही काही ठिकाणी खटकतो. हायकू ज्या दोन वस्तू नुसत्या शेजारी ठेवतो, त्यांच्यामध्ये राइट कधी ‘जणू’ घालतो. हे दोष मान्य करावेत. ८१७ रचना एकसारख्या कशा उतरतील? पण जिथे तो थांबतो आणि वस्तूला बोलू देतो, तिथे कादंबरीत त्याला क्वचित लाभलेली शांतता त्याच्या ओळीत येते. पुढे एथरिज नाइटने तुरुंगातून लिहिलेले हायकू, किंवा सोनिया सँचेझची हायकूशी असलेली दीर्घ बांधिलकी पाहिली, की कृष्णवर्णीय कवींच्या इंग्रजी हायकूचा एक स्वतंत्र इतिहास तयार झालेला दिसतो. त्याच्या आरंभी आता १९६०चे हे हस्तलिखित ठेवावे लागते, जे बहुतेक वारसदारांनी तेव्हा वाचलेलेही नव्हते.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. अमेरिकेत संशोधन करून आलेले म. ना. वानखेडे, ‘अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती’ लिहिणारे जनार्दन वाघमारे अशा अभ्यासकांनी कृष्णवर्णीय साहित्य मराठीच्या परिसरात आणले आणि त्या तुलनेने दलित साहित्याच्या विचाराला एक मोठे क्षितिज दिले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिच्या नावातच हे नाते होते. याच दशकाच्या आसपास शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला: तीन ओळी, बहुधा त्यांतल्या दोन ओळींत यमक, आणि क्षणाचा साक्षात्कार. दोन्ही घटना एकाच भाषेत, एकाच काळात घडल्या. पण आपल्या समीक्षेने त्यांना दोन वेगळ्या दालनांत ठेवले. एक दालन सामाजिक, दुसरे निसर्गाचे आणि आत्ममग्नतेचे. पहिल्या दालनात राइटची तसबीर लागली. दुसऱ्या दालनात तो असू शकतो, ही शंकाही यायचे कारण नव्हते.

यात आपल्या अभ्यासकांचा दोष काढता येणार नाही. त्यांच्या हाती जो राइट आला तो अर्धा होता. ‘ब्लॅक बॉय’ अर्धे होते, ‘नेटिव्ह सन’चा पाठ बदललेला होता, हायकू पेटीत होते. आजची गोष्ट वेगळी आहे. आता ही सर्व पुस्तके उपलब्ध आहेत, आणि तरीही वर्गात आपण जुनाच राइट शिकवत राहिलो, तर तो दोष आपला. प्रश्न एका परदेशी लेखकापुरता नाही. दलित कवीने चंद्रावर, पावसावर, पिंपळावर लिहिले, की ‘हा मूळ प्रवाहापासून ढळला’ असे म्हणणारे टीकाकार आपल्याकडेही आहेत. आणि त्याने वेदनेवर लिहिले, की ‘कलात्मकता कमी पडली’ असे म्हणणारेही. दोघेही कवीला एकच खोली देतात आणि दुसरीचे दार लावून घेतात. राइटच्या प्रकाशकाने १९६० मध्ये याहून वेगळे काय केले?

या प्रकरणातून अभ्यासकाने घ्यायची गोष्ट साधी आहे. ज्याच्यावर आपण निर्णय देतो त्याचे संपूर्ण दप्तर पाहिले का, हे आधी विचारावे. आपल्या कवींच्याही ट्रंका कुठेतरी बंद आहेत. कुणाच्या घरी, कुणा प्रकाशकाच्या कपाटात. त्यांतली वही वेळेवर उघडली नाही, तर वाळवी कोणत्याही समीक्षकापेक्षा आधी तिचा निकाल लावते. राइटचे दप्तर एलेनने जपले, मुलीने त्याची आठवण सांगितली, ग्रंथालयाने ते सांभाळले आणि दोन संपादकांनी ते निगुतीने छापले. म्हणून अडतीस वर्षांनी का होईना, मिसिसिपीतल्या अर्धेलीच्या मजुराचा मुलगा पावसाकडे कसा पाहत होता, हे आपल्याला वाचता येते.